मागच्या दाराची चप्पल

बजाजनगरात राजेंद्रच्या घरी पाहुणा आला की पहिला घोळ चपलांचा. पुढच्या दाराशी चप्पल काढायची सोयच नाही, स्टँड आहे मागच्या दाराला. पोरगी मोनाली त्यावरून कायम कुरकुर करते. राजेंद्र ऐकून घेतो, स्टँड काही हलवत नाही.

वाळूजच्या एका औषध कारखान्यात तो सेफ्टीचा माणूस होता. आग लागली तर कोणी कुठून बाहेर पडायचं, हे ठरवणं त्याचं काम. पॅकिंगच्या बायांसाठी त्यानं मागचं दार नेमलं, भिंतीवर हिरवे बाण रंगवून घेतले, आणि स्वतःवरच खूश होऊन तालमीचा भोंगा वाजवला. बाया बाणांकडे ढुंकूनही न बघता पुढच्या दाराकडे पळाल्या. आत चप्पल चालत नसे, सगळ्यांच्या चपला पुढच्या दाराशी. तिथं वाकून शोधाशोध, ढकलाढकली, दार गच्च. आणि सगळ्यांत पुढं कोण, तर पॅकिंगलाच असलेली सुलेखा, खुद्द सेफ्टीसाहेबांची बायको.

घरी जाताना त्यानं तिला चांगलंच फैलावर घेतलं.

"तुमीच घेऊन दिलेली नवी चप्पल हाय," ती म्हणाली. "टाकून कशी पळू?"

त्याचा राग तिथंच विरला. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळे स्टँड मागच्या दाराशी नेले आणि रोजचं येणं-जाणं तिकडूनच सुरू केलं. बायांनी त्याचं नाव चप्पलसाहेब पाडलं.

पुढं त्याच उन्हाळ्यात पुठ्ठ्यांनी खरोखरच पेट घेतला. धुरात बाण दिसेनात, पण बायांचे पाय सवयीनं मागं वळले. एकेक बाहेर येऊ लागली, सुलेखा मात्र दिसेना. राजेंद्र दाराशी डोकी मोजत राहिला. सगळ्यांत शेवटी ती आली, पॅकिंगच्याच म्हाताऱ्या साळूबाईला कवेत धरून, खोकत, अनवाणी.

"चप्पल?" त्याला एवढंच सुचलं.

"हात कुठं मोकळे व्हते," ती म्हणाली.

धुरकटलेली ती जोडी त्यानं नंतर शोधून आणली, पुसून तिच्या पायाशी ठेवली.

गेल्या वर्षी सुलेखा आजारपणात गेली. परवा घराला रंग द्यायचा म्हणून मोनालीनं स्टँड पुढं न्यायला काढला. खालच्या कप्प्यात आईची ती जुनी चप्पल होती. हिचं काय करायचं, तिनं विचारलं.

राजेंद्र स्टँडपाशी वाकला.

"राहू दे तिथंच," तो म्हणाला. "सगळ्यांला बाहेर काढून मग निघणारी बाई. या खेपेला एकटीच पुढं गेली, अन् तीबी अनवाणी."

मोनालीनं ओढणीनं चप्पल पुसली आणि स्टँड पुन्हा मागच्या दाराला लावला.