लेकीचं लोखंडी कडं

ये वं पोरी, जवळ बस. पिपरी मेघेत राहून महिना महिना तोंड दाखवत नाईस, हे बरं नाई. अन् ऐकलं ते खरं का? लेकाचा एमआरआय सांगितला, तर त्याच्या गळ्यातला ताईत काढायला भिऊन राह्यलीस म्हणे. ऐक मग.

माझी रजनी जन्मली तेव्हा आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून तिच्या हातात देवीच्या नावानं लोखंडी कडं घातलं. लग्नापर्यंत अंगावरून उतरवायचं नाही, असा नवस. हात वाढला की लोहार ते हातातच वाकवून सैल करी. पुढं रक्तातला सिकलसेलचा आजार निघाला, सारखं रक्त चढवावं लागे. शाळेचा जिनाही चढवेना, पोर पार गळून गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चढवलेल्या रक्तातलं लोह हाडांच्या मगजात साचतं, ते या चुंबकाच्या यंत्रात दिसतं. साचलं असेल तर औषध आहे. नसेल तर दुखणं दुसरंच, अन् त्याचं त्या नावही घेईनात.

यंत्राच्या दारात सांगितलं, लोखंड आत चालत नाही. मी तिथंच रडू लागले. तिच्या बदल्यात कडं तेवढ्यापुरतं मी अंगावर घालावं, तर पोर म्हणे, आई आत आली तरच झोपीन. तिचे बाबा गावी कापसाच्या वेचणीत. देवीला म्हटलं, आता तूच बघ.

बाकावर नाचणगावची एक बाई होती, तिचा नवरा तिथंच भरती. येताना मला जयभीम केला होता. का रडते विचारलं, मी सारं सांगितलं. ती म्हणाली, "मी नवस-बिवस मानत नाई, बाई. पण कडं अंगावरच पाह्यजे नं? मले घाल. पोरीच्या जागी मी बसतो." मग हसली, "तुह्या देवीले सांग, पोरगी जराशी म्हातारी झाली."

आत यंत्र ठोके घालत होतं, मी लेकीचा पाय धरून होते. बाहेर आलो तर ती बाई तशीच, कड्याचा हात मांडीवर धरून बसलेली. तिची एसटी निघून गेली होती.

चित्रात मगज काळा दिसला. लोहच होतं. मी रडले ते सुटकेनं. औषध लागू पडलं, पोर पुन्हा जिना चढू लागली. लग्नाची वाट न बघता कडं मी देवीच्या पायाशी ठेवलं. इतकी वर्षं मी कडं धरून बसले होते, लेक तर देवीनंच धरली होती.

लेकाला घेऊन जा. ताईत माझ्या गळ्यात घाल, मी बाहेर बसतो. पण त्याआधी पुन्हा एकदा घरी येजो, त्यालेही आणजो. लवकर येजो.