डिफरन्शियलची निविदा

माझं मनगट मोडलं ते रेसमध्ये नाही, बाथरूममध्ये. हे सांगताना अजून राग येतो. इतकी वर्षं सुट्टीच्या दिवशी ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर आमची जुनी हॅचबॅक पळवली, तेव्हा ओरखडा आला नाही, आणि घात केला तो साबणाच्या पाण्याने. प्लास्टर काढताना डॉक्टरांनी बजावलं, की उजवं मनगट पुन्हा दुखावलं तर रेसिंग कायमचं बंद. ऑफिसात सगळ्यांना हायसं वाटलं, चला, बाई आता तरी शहाण्या होतील. मला मात्र आणखी एक मोसम पूर्ण चालवायचा होता. अगदी शेवटच्या रेसपर्यंत.

गाडी तयार करतो माझा नवरा. फरीदाबादच्या कारखान्यात त्याने अख्खी नोकरी गिअर बनवण्यात घालवली आहे, त्यामुळे गिअरबॉक्स उघडायला त्याला फक्त निमित्त लागतं. या वेळी निमित्त खरं होतं. आमच्या गाडीला ओढतात तीही पुढची चाकं आणि वळवतात तीही पुढचीच. वळणात आतल्या चाकावरचा भार हलका होतो आणि डाव्या-उजव्या चाकांत इंजिनाची ताकद वाटणारं साधं डिफरन्शियल नेमकं त्याच चाकाला ताकद देऊन बसतं. चाक जागच्या जागी गरगरतं आणि मागचा पुढे निघून जातो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातलीच गत.

उपाय दोन होते. एक प्लेटवालं डिफरन्शियल. आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोन्ही चाकांना एकत्र बांधून ठेवतात. पकड जबरदस्त, पण स्टिअरिंग हातातून हिसकावतं. दुसरं गिअरवालं. ते मवाळ आणि बिनआवाजी, पण एखादं चाक हवेत उचललं गेलं की हातपाय गाळणारं. नवऱ्याचा जीव प्लेटवाल्यावर. त्याने ते रोज संध्याकाळी घरी बसून, एकेक चकती घासून स्वतः जुळवलं होतं. गिअरवालं एका मित्राने वापरून बघायला दिलेलं.

राजधानीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मराठी गेस्ट हाउसमध्ये थालीपीठ खाताना आमचा वाद इतका चढला, की शेजारच्या टेबलावरची स्पर्धा परीक्षेची मुलं घास हातात धरून ऐकू लागली. माझं म्हणणं, मनगट माझं आहे, तेव्हा निवड मी करणार. त्याचं म्हणणं, तू आधीच गिअरवालं मनात घट्ट धरून बसली आहेस. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात खरेदीचं काम बघते. मग ऑफिसचाच नियम घरी लावला. नमुना तपासताना नाव झाकायचं. तो एका रविवारी एक डिफरन्शियल बसवेल, पुढच्या रविवारी दुसरं. कुठलं ते सांगायचं नाही. पहिलं अ, दुसरं ब. निकाल मी देणार. त्यालाही हे बिल्कुल निष्पक्ष वाटलं.

दोन शिकलेल्या माणसांनी एवढी अक्कल पाजळली, पण प्लेटवालं डिफरन्शियल गप्प बसत नाही हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. पहिल्या रविवारी अ लोण्यासारखं वळलं. दुसऱ्या रविवारी पार्किंगमधून गाडी वळवताच खालून कट-कट-कट सुरू झालं. नवरा आकाशाकडे बघू लागला. मी आरसा नीट करू लागले. नियम म्हणजे नियम.

ब मात्र काय पळालं! वळणातून गाडी बाहेर पडायची तीच सरळ पुढे झेपावत. दर फेरीला कठड्याशी उभ्या नवऱ्याचं हसू रुंदावत होतं. पण माझा डावा हात गिअरवर गेला की उजव्याला एकट्यालाच स्टिअरिंगशी झोंबावं लागे. पुढेपुढे मनगटात ठणका उठायला लागला. मी थांबले नाही. इतक्या संध्याकाळींची त्याची मेहनत माझ्या एका शब्दाने खोक्यात जाणार, हे मला सोसवत नव्हतं.

उतरल्यावर त्याने थर्मासमधला चहा पुढे केला. मी घेतला.

“ब,” मी म्हटलं.

“पक्कं?”

“पक्कं.”

“अच्छा. मग चहा डाव्या हातात का घेतलास?”

मी उजवा हात पाठीमागे नेला.

“ब फास्ट आहे, ते मलाही दिसलं,” तो म्हणाला. “पण मला तू शेवटच्या रेसपर्यंत गाडीत हवी आहेस यार.”

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

त्याने अ बसवलं आणि ब जुन्या टॉवेलात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. मी ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवर चाक चढवायची सवय मोडली, नाहीतर अ हातपाय गाळायचं. आम्ही जिंकलो वगैरे नाही. मधल्या घोळक्यात कुठेतरी असायचो. पण मोसमातली शेवटची रेसही मी पूर्ण केली. हेल्मेट काढलं तेव्हा तो थर्मास घेऊन उभाच होता. चहा ओतला, पण कप लगेच पुढे केला नाही, माझ्या हातांकडे बघत राहिला.

मी उजवा हात पुढे केला.