बोलोन्यात हुकलेलं जेवण

कर्वेनगरात गोपाळकृष्णांकडे गेलात की चहाच्या आधी बोलोन्याचा किस्सा ऐकावा लागतो. प्रवासात बारीकसारीक फजिती व्हायचीच, ती हसून घ्यावी, अशी प्रस्तावना होते आणि मग त्यांची बायको आनंदीबाई हरवतात.

आनंदीबाईंनी जन्मभर दुसऱ्यांना वाढलं. इटलीला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला. बोलोन्यातली एक खाणावळ त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. तिथे बायका हाताने पास्ता लाटतात, त्यात लाल भोपळ्याचं सारण भरतात. तिथे बसून एकदा आयतं जेवायचं. बहिणीच्या मुलीने, चैतालीने, दोघांसाठी टेबलही राखून ठेवलं. बाकी सगळी सहल त्यांनी खाकऱ्यांवर काढली आणि हूं की चूं केलं नाही.

त्या दुपारी कमानींखालून चालताना त्यांचा गुडघा धरला. "तू इथंच बस, मी रस्ता बघून येतो," म्हणून गोपाळकृष्ण गेले ते गेलेच. फोनही त्यांच्याच खिशात. शेवटी आनंदीबाई भिंत धरून उठल्या, कोपऱ्यावर वळल्या, तर समोर तीच खाणावळ. काचेच्या आत नवरा जेवत होता. त्यांच्या खुर्चीवर त्याने टोपी ठेवली होती. पावाच्या तुकड्याने त्याने ताटली पुसून घेतली आणि तो तुकडा डोळे मिटून खाल्ला. शर्टावर तांबड्या रश्श्याचा डाग पडला होता.

दार ढकलून आत जाता आलं असतं. पण इतक्या वर्षांच्या संसाराने एक वाईट खोड लावलेली असते: लाज नवऱ्याने सोडावी आणि बायकोने बाळगावी. त्या लंगडत परत जागेवर येऊन बसल्या.

बसवलं होतं तिथेच बसलेल्या बाईला तो परत आल्यावर म्हणाला, "होतीस कुठं? गावभर शोधलं. तुझ्यापायी जेवण हुकलं." त्यांनी पिशवीतून खाकरा काढून दिला. त्याने तोही खाल्ला.

परवा लग्नाच्या वाढदिवसाला किस्सा पुन्हा रंगला. पाहुणे हसत असताना चैतालीने विचारलं, "पण मावशी, तू नेमकी होतीस कुठं?" हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आनंदीबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"अहो," त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशीच्या शर्टावरचा रश्श्याचा डाग काही निघाला नाही हो."

गोपाळकृष्णांचा चेहरा उतरला. बायकोने तेव्हा सगळं पाहिलं होतं हे त्यांना कळलं, आणि त्यांना ते कळल्याचं तिला दिसलं. आनंदीबाईंना एवढंच हवं होतं. मग गोपाळकृष्णांनी मांडीवर थाप मारली.

"बघा! लोक इटलीहून आठवणी आणतात, आमची ही डाग घेऊन आली."

हास्याचा स्फोट झाला. चैतालीही हसली.

आता किस्सा तिथेच संपतो. शेवट जवळ आला की गोपाळकृष्ण स्वयंपाकघराकडे वळून हाक मारतात, "अगं, शर्टाचं काय झालं ते सांग यांना."

हात पुसत आनंदीबाई बाहेर येतात आणि सांगतात.