यंत्राचा गूळ

दहावीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात सांगलीच्या एका शाळेनं तीन आठवड्यांचं यंत्र-शिबिर काढलं. रोज सकाळी सात ते बारा, शाळेच्या कार्यशाळेत. तेवीस मुलगे आणि मी. आमचं गाव कऱ्हाडजवळचं, उसात बुडालेलं. पण सांगलीत आत्या राहायची, म्हणून माझी सोय झाली. वडिलांनी जाऊ दिलं त्याचं कारण एवढंच, की मी सुट्टीत घरी असले की घरात भांडणं फार होतात. हे त्यांनी आईला माझ्यादेखत सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

वडील, म्हणजे आमचे आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ऊस करत होते. गणवेश उतरला होता, हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. माझ्याबाबतचा हुकूम असा, की निकाल लागला की अकरावी-बारावी, मग डी.एड. करायचं आणि गावातल्याच शाळेत बाई म्हणून लागायचं. मला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा पाहिजे होता. त्या फॉर्मवर पालकाची सही लागायची. मी धोशा लावला, रुसले, एक दिवस उपाशी राहिले (आधी दोन भाकरी खाऊन घेतल्या होत्या). शेवटी आबा म्हणाले, "शिबिराच्या शेवटच्या दिवशी म्या येतो. तू केल्यालं यंत्र माझ्या म्होरं चाललं, तर सही. न्हाई चाललं, तर डी.एड. परत त्यो इषय काढायचा न्हाई."

शिबिरात पहिल्याच दिवशी सगळ्यांची हवा गेली. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा जतकडचा होता आणि यंत्रमानवच करायचा असं ठरवून आला होता. मासिकातलं चित्रही कापून आणलं होतं. सरांनी चित्र निरखून पाहिलं, छान आहे म्हणाले, आणि त्याच्या हातात लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आणि कानस दिली. "आधी हा चौकोनी कर." आठवडाभर आम्ही सगळ्यांनी नुसतं लोखंड घासलं. काटकोन तपासायला गुण्या लावून बघायचं, फटीतून उजेड दिसला की परत घासायचं. माझ्या तळहातांना फोड आले. आत्या म्हणाली, "ह्येच करायचं तर खुरपणी काय वाईट हुती गं?" मी तिच्यावरही चिडले.

दुसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, घरातलं एखादं कंटाळवाणं काम निवडा आणि ते यंत्राकडून करून घ्या. मला विचार करावाच लागला नाही. उसाला पाणी पाजताना आबा पाटाच्या तोंडाशी उभे असत आणि मी सरीच्या पार दुसऱ्या टोकाला. पाणी टोकाला पोचलं की मी ओरडायचं, "आलं!" मग ते पाणी पुढच्या सरीत वळवणार. एवढंच माझं काम. पाचवीपासूनच्या माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या टोकाला उभं राहून, डोक्यावर फडकं घेऊन, पाण्याची वाट बघण्यात गेल्या होत्या. माझ्याऐवजी एक घंटा ओरडली तर काय बिघडलं?

यंत्र अगदी साधं होतं. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घ्यायचा. त्याच्या दोन्ही ओठांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकायच्या, पट्ट्यांना वायरी, वायरींना सेल आणि घंटा. दोन ओठांमध्ये गुळाचा एक चपटा खडा धरायचा. गूळ आहे तोवर पट्ट्या एकमेकींपासून लांब, घंटा गप्प. पाणी आलं की गूळ विरघळणार, चिमटा मिटणार, घंटा वाजणार. आमच्या गुऱ्हाळाचा काळसर, मऊ गूळ मी पिशवीतून आणला होता. तो बघता बघता विरघळायचा. सर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले तो दिवस मला अजून आठवतो.

अडचण एकच होती. त्या गुळाला जेवढ्या मुंग्या लागल्या, त्याहून जास्त मुलं लागली. "चाचणी घेतो" म्हणायचं आणि खडा तोंडात टाकायचा. शेवटच्या दिवशी माझ्याकडे नेमका एक खडा उरला होता. तो मी चिमट्यात बसवला. समोर पत्र्याच्या ताटात चिखलाची सरी केली, शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि सेलची वायर जोडायला टेबलाखाली शिरले.

वायर जोडते न जोडते तोच घंटा वाजायला लागली. मी दचकून उठले ते डोकं टेबलावर आपटलं. बाहेर येऊन बघते तर समोर आबा. घामानं निथळत, तांब्या वर धरून घटाघटा पाणी पीत होते. चिमटा रिकामा होता आणि त्यांच्या गालात गूळ होता.

आमच्याकडे उन्हातून कुणी आलं की आधी गूळ-पाणी. कधी सेवा-चाकरी न करणाऱ्या पोरीनं बापासाठी गूळ आणि तांब्या मांडून ठेवला, असं त्यांना वाटलं. "गूळ घरचाच हाय," ते समाधानानं म्हणाले. "पर चिमट्यात कशाला अडकावलास? सांगलीत असंच देत्यात व्हय?"

"आबा, ते यंत्र होतं," मी ओरडले. "माझं यंत्र तुमी खाल्लंसा."

घराबाहेर वडिलांवर ओरडायची ती माझी पहिलीच वेळ, आणि ती अख्ख्या कार्यशाळेनं ऐकली. आबांचं चघळणं थांबलं. घंटा तेवढी वाजत होती. जतकडचा मुलगा माझ्या कानाशी लागला, "गप की गं, वाजली न्हवं? सही घिऊन टाक." सरही म्हणाले, "तत्त्व तर सिद्ध झालंच." आबांनी सुद्धा विचारलं, "वाजली म्हंजे चाललं का?" हो म्हटलं असतं तर तिथंच सही मिळाली असती. पण तीन आठवडे हात सोलून घेतल्यावर आबांच्या भुकेनं वाजलेली घंटा मला नको होती. "पाण्यानं वाजाय पायजे," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. रडू आल्याचा रागही आला.

आबांनी टोपी सरळ केली, फौजी गिरकी घेतली आणि निघून गेले. मी घंटेची वायर काढली. आता ते एस.टी. धरून गावी जाणार, विषय संपला, असं मी धरूनच चालले.

तासाभरानं ते परत आले. खांद्यावर गुळाची अख्खी ढेप होती. सुटा गूळ मागायची म्हणे त्यांना लाज वाटली. ज्याच्या घरी गुऱ्हाळ, त्यानं काय खडा मागायचा? ढेप टेबलावर आदळून ते सरांना म्हणाले, "यंत्राचं रेशन म्या खाल्लं हुतं. जमा केलं." मग माझ्याकडे न बघता, "हं, चालव."

मी हातोडीनं खडा फोडला, कानशीनं घासून चपटा केला, चिमट्यात बसवला आणि सरीत पाणी सोडलं. पाणी टोकाला पोचलं. घंटा वाजली नाही.

बाजारचा तो पिवळाधमक, दगडासारखा गूळ. आमच्या गुळासारखा तो लगेच विरघळेल कसा? हे आधीच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पोरं कुजबुजायला लागली. सरांनी घड्याळ पाहिलं. मला त्या चिमट्याकडे बघवेना. डी.एड.च्या कॉलेजचं फाटक मला दिसायला लागलं होतं.

आबा हलले नाहीत. हाताची घडी घालून पाण्याकडे बघत उभे होते, उसात उभे राहायचे तसेच. कुणीतरी हसलं तेव्हा म्हणाले, "घाई कशापायी? टोकाला वाट बघाय लागतीच. ही पोरगी पाच वरसं उभी हाय तितं."

माझं ते उभं राहणं त्यांनी मोजलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

आणि चिमटा मिटला. घंटा खणखणली, आणि तिच्याही वरच्या आवाजात आबा ओरडले, "आलं!"

मी पिशवीतून आणलेल्या फॉर्मवर सही तिथंच झाली. मग आबा शेजारच्या टेबलावर शेवटी उभा राहिलेल्या यंत्रमानवाकडे वळले. पत्र्याच्या डब्यांचा, बल्बच्या डोळ्यांचा तो गडी बघून त्यांनी जतकडच्या मुलाला विचारलं, "ह्यो काय खातो?" "सेल, आबा." "ब्येस हाय," आबा म्हणाले. "कोण चोरून खाणार न्हाई."

जूनमध्ये मी फॉर्म भरायला गेले तेव्हा कारकुनानं तो उजेडात धरला आणि दोनदा फुंकर मारली. त्यावर मुंग्या होत्या. आबांच्या सहीशेजारी त्यांच्या चिकट बोटाचा तपकिरी ठसा उमटला होता.

"सही केली आहे ना वडिलांनी," कारकून म्हणाला, "मग अंगठा कशाला?"

"माझे वडील काम पक्कं करतात," मी म्हणाले.