यमुनेचं पातळ दूध

स्टुलावर दोन वाट्या होत्या. एकीत डब्यातल्या पावडरीचं दूध, दाट, पांढरंशुभ्र. दुसरीत यमुनेचं, पडद्याआड पिळून आणलेलं. पातळ, निळसर. डब्याच्या कंपनीच्या मिसनं वाट्या नुसत्या शेजारी ठेवल्या. बोलायची गरजच नव्हती.

“बगा!” यमुनेची सासू काशीबाई म्हणाली. “आमी म्हशीचा भांडा धुतो, त्याचा पानी पन यापरीस दाट हाय.”

बायका हसल्या. यमुनेनं मान खाली घातली. तिचं बाळ सव्वा महिन्याचं. सारखं रडायचं आणि वजन हलत नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीच्या त्या दवाखान्यात मी नर्स होते. मिस दर गुरुवारी यायची. कडक इस्त्रीची साडी, गोड आवाज, स्वतःचा चकचकीत वजनकाटा. माझ्या काट्याच्या सुईला टिचकी मारावी लागे. मी सांगितलेलं बायका ऐकून घ्यायच्या, मिसनं सांगितलेलं घरी जाऊन करायच्या. मला ते बघवत नसे.

डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, डबा सुरू करू या. मिस समजावतील. त्यांना जमतं.”

“आधी मी तिच्या घरी जाऊन येते,” मी म्हटलं.

घाईला कारण होतं. डबा सुरू झाला की बाळ अंगावर कमी ओढतं आणि दूध आटतं. मग डबा महाग म्हणून पावडर कमी, पाणी जास्त. अशी बाळं मी पाहिली होती.

आणि पातळपणात दोष नव्हताच. वासराला चार दिवसांत उड्या मारायच्या असतात, म्हणून गाईच्या दुधात प्रोटीन आपल्या तिपटीनं. आपल्या बाळाला उभं राहायलाच वर्ष लागतं. त्याच्या दुधात प्रोटीन कमी, साखर जास्त. स्निग्धांश असतो, पण तो एकाच पाजण्यात हळूहळू वाढत जातो. सुरुवातीचं दूध तहान भागवतं, शेवटचं पोट भरतं. मिसनं वाटीत घेतलं होतं ते सुरुवातीचं.

यमुनेचं घर नारपोलीत, लूमच्या कारखान्याच्या भिंतीला लागून. ती कांड्या भरत होती, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या कांड्यांवर चरख्यानं सूत गुंडाळत होती. बाळ रडलं. तिनं पदराखाली घेतलं. ते जरा कुठं लागलं, तोच काशीबाईची हाक.

“यमुने, कांड्या सरल्या गो!”

यमुनेनं बाळ सोडवलं, सासूकडे दिलं आणि चरख्यावर बसली. बाळानं भोकाड पसरलं.

“रोज असंच?” मी विचारलं.

“लूम थांबत न्हाय, बाई,” यमुना म्हणाली.

“आज ते आपणहून सोडेपर्यंत पाज.”

“आनि कांड्या कोन भरील? तुमी?” काशीबाई म्हणाली.

“भरते.”

मी चरख्यावर बसले. सूत तुटलं. जोडलं, पुन्हा तुटलं.

“सुई टोचायचं काम न्हाय ते!” काशीबाई हसत सुटली. शेवटी मला बाजूला सारून तीच बसली. तोवर बाळ पिऊन सैल पडलं होतं. मी यमुनेला शेवटचे थेंब वाटीत काढायला लावले. ते दाट निघाले, सायीच्या रंगाचे.

काशीबाईनं वाटी उजेडात धरली. “ह्यो कवापासून व्हता?”

“रोजच होतं. तुम्ही हाक मारून तिला उठवत होतात.”

पुढच्या गुरुवारी काट्याची सुई टिचकी न मारता पुढे सरकली. मी मुद्दाम मिससमोर यमुनेच्याच दुधाच्या दोन वाट्या ठेवल्या, पाजण्याआधीची आणि नंतरची. मिसनं निरखून पाहिलं.

“हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये नाही सांगितलं, सिस्टर,” ती म्हणाली. मला फार बरं वाटलं. ते दोनच आठवडे टिकलं.

टेमघरला एका बाळंतिणीकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “बाई, पोर सोडंल तवर पाजायचा. दाट दूध मागनं येतं. तुमाला म्हाईत हाय का?”

“कुणी सांगितलं?”

“मिसनी. लय हुशार हायेत.”

बाळ गुटगुटीत होतं.

तेव्हा पाजायला बसलेल्या बाईला उठवू नये. दूध पातळ की दाट, ते नंतर बघावं. हे आधी मी सांगितलं होतं.