वरून सरळ दिसणारे खांब

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावाबाहेर सोलर प्रकल्पाचं काम चालू होतं. एका दुपारी वारा सुटला आणि पॅनलची अख्खी रांग आडवी झाली. एका मजुराचा पाय मोडला. कामावरच्या सुपरवायझरने माझ्या पोलीस ठाण्यात फिर्याद दिली की, आपल्याशी झालेल्या भांडणाचा राग धरून गावच्या चौकीदाराने नटबोल्ट ढिले केले.

कामाचा दर्जा तपासायला तिथे दर आठवड्याला ड्रोन उडायचा. दोन दिवसांपूर्वीच्या फोटोंत पॅनलखालचे सगळे खांब सरळ, एका उंचीचे. म्हणजे घातपातच, हे मला पटलं. मी पोहोचायच्या आत पडलेले खांब हलवले होते, ते का, हेही मी विचारलं नाही. भर गावातून चौकीदाराला जीपमध्ये घातलं.

तो एकच सांगत राहिला, मी हात लावला नाही. असं सगळेच म्हणतात. सकाळी त्याला कोर्टात न्यायच्या तयारीत होतो, तेवढ्यात त्याची बायको ठाण्यात आली. रडली नाही, बसलीही नाही.

"साहेब, वरून काऊन पाहून राहिले? आमच्या गोठ्यात येऊन पाहा."

गेलो. बैल नव्याकोऱ्या लोखंडी खुंट्याला बांधलेला. शेजारच्या गोठ्यांतही तसेच खुंटे. सगळे दीड-दोन हात लांब, कटरने कापलेले. साइटवर पडले होते, सुपरवायझरनेच घेऊन जा म्हटलं, असं लोकांनी सांगितलं. ते खांबांचे तुकडे होते.

पंच बोलावले आणि उभ्या रांगेतला एक खांब त्यांच्यासमोर खणून काढला. छातीभर खोल हवा होता, गुडघाभरही नव्हता. खडक लागला की तो फोडण्याऐवजी खांबाचं वरचं टोक कापून उंची जुळवायची, असा सगळा कारभार. ड्रोनला उंची दिसत होती, खोली कुठून दिसणार? सुपरवायझरसमोर टेबलावर एक खुंटा ठेवला. अर्ध्या तासात त्याने कबुली दिली. मुदत संपत आली होती, म्हणाला.

चौकीदाराला सोडताना मी माझी चूक मान्य केली. तो चपला घालता घालता थांबला.

"साहेब, माफी इथं मांगता. मले नेलं तवा सारा गाव पाहून राहिला होता."

त्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून गावात नेलं. लोक जमेपर्यंत थांबलो आणि वर्दीत उभं राहून मोठ्याने सांगितलं, हा निर्दोष आहे, चूक माझी. माणसाला जितक्या लोकांसमोर उचललं, तितक्यांसमोरच सोडलं पाहिजे, हे मी तिथे शिकलो. पुढच्या नोकरीत ते एकदाही टाळलं नाही.