मागच्या दारांची फेरी

मीटरदादांनी बाजारातल्या बारच्या मागच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड थाटलं आहे, अशी कुजबुज एके काळी त्यांच्या गल्लीत फार मोठ्या आवाजात चालायची. कुजबुज मोठ्या आवाजात कशी चालेल, अशी शंका ज्याला येईल त्याने मीटरदादांच्या थोरल्या वहिनींना एकदा भेटावं. त्या कुणाच्या कानात काही सांगू लागल्या की पलीकडच्या गल्लीतल्या बहिऱ्यालाही तपशील कळत.

पुरावे दोन होते. पाणीखात्यात मीटर वाचणारे हे गृहस्थ रोज दुपारी साडेबाराला त्या बारच्या मागच्या दाराने आत जात आणि एक वाजता बाहेर पडत. आता मीटर वाचायला लागतात दोन मिनिटं, तीही महिन्यातून एकदा. दुसरा पुरावा जास्त वजनदार होता. मीटरदादांचा जेवणाचा डबा संध्याकाळी घरी यायचा तो घासूनपुसून लख्ख.

"पुरुष एक वेळ संन्यास घेईल," थोरल्या वहिनींनी निकाल दिला, "पण आपला डबा आपण धुणार नाही. कुणीतरी धुतंय बरं का! तू बस इथे रफू करत."

हे ज्यांना ऐकवलं त्या मीटरदादांच्या बायको. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची. खिडकीपाशी बसून त्या लोकांचे कोट, शाली, विजारी रफू करून द्यायच्या, आणि असं रफू, की कापडाचा मालक कोट उलटासुलटा करून "भोक कुठे होतं हो?" असं त्यांनाच विचारायचा. काकूंनी दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाल्या, "जाऊबाई, भोक दिसलं की मला ते बुजवायचं सुचतं. बोट घालून मोठं करायची कला तुमच्याकडे."

जाऊबाई तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या, कारण नवीन बातमी होती.

उत्तर दिलं ते ठीक, पण टोचायचं ते टोचलंच. त्यानंतर कितीतरी वर्षं काकू रोज संध्याकाळी तो डबा उघडून नाकाशी धरत. दुसऱ्याच घरच्या साबणाचा वास यायचा. त्या डबा फळीवर ठेवत आणि काही विचारत नसत. मीटरदादाही सांगत नसत. आणि हीच गोष्ट चमत्कारिक होती, कारण एरवी हा माणूस बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हे. कुणाच्या तळघरात काय सडतंय, कुठल्या वकिलाच्या नळाला गळती आहे, कोणते गृहस्थ आठवड्यातून एकदाच आंघोळ करतात, हे सगळं मीटरच्या काट्यावरून ओळखून ते घरी येऊन रंगवून सांगत. फक्त साडेबारा ते एक या अर्ध्या तासाचं रीडिंग कधी घरी आलं नाही.

माणूस मात्र सरळ. खात्याचा नियम होता की ग्राहकाकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही. चहा नाही, पाणी नाही, टेकायला खुर्ची नाही. घेतलं की नोकरी गेली. आणि हा नियम सांभाळायला इन्स्पेक्टर कोण, तर मीटरदादांचे सख्खे थोरले भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान. या भावाने एकदा एका मीटरवाल्याला कुणाकडून खोकल्याची गोळी घेतली म्हणून महिनाभर घरी बसवलं होतं. गोळी खात्यात जमा करून घेतली ती वेगळीच, अर्धी चघळलेली.

मीटरदादा निवृत्त झाले आणि चार महिन्यांत कंटाळून काकूंच्या सुया मोजू लागले. तेवढ्यात शहर पायी दाखवणाऱ्या एका कंपनीला गाईड हवा होता. संध्याकाळी पाच ते आठ, चार बार आणि त्यांच्यामध्ये लागणाऱ्या प्रसिद्ध इमारती. "शहराची खडान्‌खडा माहिती असणारा पाहिजे," कंपनीच्या बाई म्हणाल्या. मीटरदादांना ती होती. पण मीटरवाला चौतीस वर्षांत एकदाही कुठे पुढच्या दाराने गेलेला नसतो, हे त्या बाईंना कोण सांगणार?

पहिल्याच दिवशी त्यांनी बारा पाहुण्यांना एका बोळात कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं केलं आणि अभिमानाने सांगितलं, "हा आपला सुप्रसिद्ध घड्याळाचा मनोरा."

"घड्याळ कुठाय?" एकाने विचारलं.

"असेल पुढच्या बाजूला. मीटर इथे आहे."

चौकातल्या घोडेस्वाराच्या पुतळ्यालाही त्यांनी घोड्याच्या शेपटीकडूनच गाठलं आणि स्वाराच्या भरघोस मिशांचं तोंडभर कौतुक केलं. एका आगाऊ पाहुण्याने पुढे जाऊन बघितलं तर स्वार दाढीमिशी सफाचट केलेला. बारमध्ये तर थेट स्वयंपाकघरातून प्रवेश. आचारी भांडी बाजूला करून पाहुण्यांना खोक्यांवर बसवत आणि मीटरदादा शेगडीला पाठ लावून गोष्टी सांगत. कंपनीच्या बाई दुसऱ्या दिवशी त्यांना काढायच्याच बेतात होत्या, तेवढ्यात त्या बारापैकी नऊ जणांनी पत्रं लिहिली की आमच्या नातेवाइकांनाही हेच दाखवा. मग फलक लागला: 'मागच्या दारांची फेरी'.

दोन वर्षं फेरी चालली, पण काकू कधी गेल्या नाहीत. जाण्याचं कारण अर्थातच थोरल्या जाऊबाईंनी आणून दिलं.

"तिसरा थांबा कोणता, ठाऊक आहे का? तोच! तोच बार! बाकी ठिकाणी हा माणूस तोंड मिटत नाही, आणि तिथे पाहुण्यांना बाहेर बसवतो आणि एकटा आत जातो. माझ्या भाचीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

काकूंच्या हातातली सुई तशीच राहिली. चाळीस वर्षांचा संसार. तो आत कुठेतरी उसवलेला निघाला, तर या वयात नवं कापड कुठून आणायचं? आणि न बघता राहावं, तर उरलेली वर्षं रोज संध्याकाळी डबा हुंगायचा? शनिवारी त्यांनी ठेवणीतला काळा कोट घातला, चालायचे बूट घातले आणि फेरी निघते त्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

मीटरदादांची छत्री हातातून सुटली. "अगं, तू इथे?"

"तिकीट काढलंय."

"मला म्हणायचंस, मी घरीच सगळं सांगितलं असतं—"

"घरी सांगता ते ऐकलंय. जे सांगत नाही ते बघायला आलेय."

पाहुण्यांमध्ये एक निवृत्त हेडमास्तर होते. ते आपल्या पत्नीला हळूच म्हणाले, "बघ, आता फेरी रंगणार." पत्नीने त्यांना कोपर मारलं आणि स्वतः पुढे सरकून जागा धरली.

पहिला बार मनोऱ्याच्या मागे. मीटरदादांनी छत्रीच्या टोकाने जमिनीतल्या लोखंडी झाकणावर टकटक केलं. "एका हिवाळ्यात मी या झाकणासकट आत गेलो. कमरेपर्यंत गारठलेलं पाणी. या आचाऱ्याने काखांत हात घालून मला वर ओढलं आणि स्वतःच्या पायातले मोजे काढून दिले. दुसऱ्या दिवशी आमचे थोरले बंधू तपासणीला आले, तेव्हा मी याला ओळखसुद्धा दाखवली नाही."

"माझेच मोजे घालून!" आचारी झारा हलवत म्हणाला. "हिंमत बघा माणसाची!"

"काय करणार? आभार मानले म्हणजे काहीतरी घेतलं हे कबूल झालं. नोकरीत असेपर्यंत मला आभार मानायची सोयच नव्हती. आता ही फेरी आहे म्हणून मानतोय." आणि दादांनी आचाऱ्यापुढे खरोखरच मान झुकवली.

काकूंना ते मोजे आठवले. तपकिरी, जाड लोकरीचे, दोन नंबर मोठे. दोनदा त्यांनीच ते रफू केले होते. कुणाचे म्हणून विचारलं नव्हतं.

दुसरा बार न्यायालयाच्या पिछाडीला. "या बारचं रीडिंग शहरात सगळ्यांत जास्त," दादा म्हणाले. "मालक म्हणायचे, ग्लास धुवायला पाणी लागतं."

"लागतंच!" मालक म्हणाले.

"रोजचे चार हजार ग्लास? एवढी गिऱ्हाइकं असती तर न्यायालय ओस पडलं असतं. पाणी ग्लासाच्या बाहेरून लागत होतं की आतून, ते मी कधी वहीत लिहिलं नाही."

पाहुण्यांनी एकदम आपापल्या ग्लासात डोकावून पाहिलं. "अहो, आता तरी धंदा करू द्या!" मालक ओरडले, मग काकूंकडे बघून थबकले. "या त्याच का? बाई, तुमची मुलगी झाली तेव्हा दवाखान्याला फोन इथूनच लावला यांनी. दर दहा मिनिटांनी! मुलगी झाली हे कळल्यावर मीटर न बघताच पळाले. त्या महिन्याचं रीडिंग मीच अंदाजाने लिहिलं."

"तरीच कमी होतं," दादा म्हणाले आणि मालकांचा हात बराच वेळ हातात धरून उभे राहिले.

काकूंचा जीव एका बाजूने भरून आला आणि दुसऱ्या बाजूने जास्तच धास्तावला. इतक्या लोकांचे आभार हा माणूस चारचौघांत मानतोय, मग तिसऱ्या ठिकाणीच त्याच्या तोंडाला कुलूप का?

तिसऱ्या बारपाशी पोचेपर्यंत सूर्य कलला होता. दादांनी सगळ्यांना बाहेरच्या टेबलांवर बसवलं, "ज्याला जे हवं ते मागवा, मी आलोच," म्हणाले आणि आत गेले. काकू उठल्या. हेडमास्तरही उठत होते. पत्नीने त्यांना कोट धरून खाली बसवलं.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारात काकू उभ्या राहिल्या. आत एका स्टुलावर ऐंशी ओलांडलेली एक बाई बटाटे सोलत होती. दादा तिच्या शेजारी उभे होते आणि त्यांची पिशवी, कुणी न सांगता, भिंतीवरच्या खुंटीला लागली होती. काळा कोट, ताठ मान, करडी नजर पाहून म्हातारीच्या हातातला बटाटा गळाला.

"खात्याकडून आलात?" ती कडाडली. "मी या माणसाला ओळखत नाही! माझ्या दारात कधी कुणी मीटरवाला बसला नाही. ही खुर्ची मोडकी आहे. या शेगडीवर मी कुणाचा डबा गरम केला नाही, आणि धुवायचा तर सवालच नाही, आमच्याकडे साबणच नसतो!"

मोरीवर विटेएवढा साबण होता.

"मालकीणबाई," दादा म्हणाले, "अहो, ही माझी बायको."

"कुणाची? इन्स्पेक्टरची?"

"माझी!"

"पण हिची जाऊ इन्स्पेक्टरची बायको ना?"

"हो."

"मग हिला तर मुळीच सांगू नका! शपथ घातलीय ना मी तुम्हाला? माझं नाव निघालं की तुमची भाकरी गेली."

"दोन वर्षं होऊन गेली मला निवृत्त होऊन. आमचे इन्स्पेक्टर बंधूही निवृत्त होऊन घरीच बसलेत."

"पेन्शन थांबवतात म्हणे."

"नाही थांबवत."

"तसं लिहून दिलंय त्यांनी?"

दादांनी बायकोकडे पाहिलं. चौतीस वर्षं तळघरात न घाबरलेला माणूस, पण घाम पुसत होता.  पुढे जाऊन काकूंनी साबण उचलला, नाकाशी धरला आणि परत ठेवला. मग खुर्चीकडे वळल्या. खुर्ची चांगली भक्कम होती. तिच्यावरची उशी मात्र एका कडेला भसाभसा टाके घालून शिवलेली.

"हे कुणी शिवलं?"

"मी," म्हातारी गुर्मीत म्हणाली. "मोडक्या खुर्चीवरची आहे."

काकूंना हसू फुटलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. कोटाच्या कॉलरला त्या नेहमी एक ओवलेली सुई टोचून ठेवत. ती काढून त्या त्याच खुर्चीवर बसल्या, उशी मांडीवर घेतली आणि टाके उसवू लागल्या. "मालकीणबाई," त्या खाली मान घालूनच म्हणाल्या, "कधी पोट बिघडलं नाही हो यांचं. रस्त्यावर उभ्याने गारढोण खाणाऱ्या माणसाचं बिघडायला हवं होतं. मला कळायला हवं होतं. तुमचे उपकार झाले माझ्यावर."

"हळू बोला," म्हातारी म्हणाली, "कुणी ऐकेल." पण तिने एक बटाटा पुसून उगाचच काकूंच्या हातात दिला.

चौथा थांबा वीस मिनिटं उशिरा झाला. एकाही पाहुण्याने तक्रार केली नाही. हेडमास्तरांनी तर आत काय झालं असेल याच्या तीन वेगवेगळ्या कथा तोवर टेबलावर सांगून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई चप्पल न काढताच आत आल्या. "बोल! आहे ना बाई?"

"आहे," काकू म्हणाल्या. "ऐंशीच्या पुढची. उद्या तिला दोन उशा नेऊन द्यायच्यात, तुम्ही येता का?"

खरी गोष्ट एवढीच होती. बाजारातल्या बारच्या मागच्या खोलीत मीटरदादा बायकोने दिलेला डबा शेगडीवर गरम करून घेऊन, खुर्चीवर बसून खात असत. रोज, सव्वीस वर्षं. डबा मालकीणबाई धूत असत.